टायर फुटले, भरपाई कुणी द्यायची?

जीपचे पुढचे टायर फुटले, जीप उलटली आणि पायी चाललेला एक माणूस दगावला. चालकाचा हलगर्जीपणा सिद्ध होत नाही म्हणून दावा प्राधिकरणाने आणि मग उच्च न्यायालयानेही घरच्यांना रिकाम्या हाती परत धाडले. अपघात १९८६ चा. सर्वोच्च न्यायालयाने न्याय दिला २००१ साली! चूक नसली, तरी धोक्याची वस्तू रस्त्यावर आणणाऱ्याने भरपाई द्यावी, हे तत्त्व न्यायालयाने लावले.

बँकेत वाहनकर्जाच्या फायली चाळताना विम्यातली ‘थर्ड पार्टी’ मला नेहमी कागदीच वाटे. ती म्हणजे रस्त्याच्या कडेने भाजी घेऊन निघालेले तुम्ही-आम्हीच.

फौजदारी खटल्याचे निराळे. तिथे बेदरकारपणा सिद्ध व्हावा लागतो. कुत्रे आडवे आले आणि क्षणात स्टीअरिंग वळले, एवढ्याने कुणी गुन्हेगार ठरत नाही. पण ‘ब्रेक फेल झाला हो’ म्हणून सुटकाही नाही. देखभाल नीट होती, दोष दडलेला होता, हे मालकाने दाखवायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच सांगितले आहे. तेव्हा गॅरेजची बिले रद्दीत घालू नका.

आणि चूक कुणाचीही असो, जखमीला उपचार मिळवून देणे हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार चालकाचे कर्तव्यच आहे. जमावाच्या संतापापुढे इलाज नसेल, तर कायदा तेवढी सूट देतो.