एका एकरावरचं आभाळ

एका एकराच्या डोक्यावर जी हवा उभी आहे, तिच्यात सुमारे 30,000 टन नायट्रोजन आहे. युरियाच्या 45 किलोंच्या गोणीत तो जेमतेम 20-21 किलो असतो. म्हणजे साडेचौदा लाख गोण्यांचा ऐवज प्रत्येक एकरावर अधांतरी आहे, आणि खाली कपाशी त्याच नायट्रोजनवाचून पिवळी पडते.

हवेत नायट्रोजनचे अणू जोडीजोडीने, तिहेरी बंधाने जखडलेले असतात. एका गोणीमागे अशा जोड्या किती? चारावर 26 शून्यं. त्या नुसत्या बळाने फोडायच्या, तर 190 युनिटांहून जास्त विजेइतकी ऊर्जा लागेल. म्हणून ते काम सोपं करणारा पदार्थ, म्हणजे उत्प्रेरक, हवा.

1909 मध्ये जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी ऑस्मियम वापरून नायट्रोजन आणि हायड्रोजन जोडले, अमोनियाचे थेंब पाडून दाखवले. पण ऑस्मियम इतकं दुर्मीळ, की त्यावर कारखाना उभा राहणं शक्य नव्हतं. मग बीएएसएफ कंपनीत आल्विन मिताश कामाला लागले. 1912 पर्यंत सुमारे 2,500 पदार्थ आणि 6,500 चाचण्या! एवढ्या चिकाटीपुढे मला आजही हात जोडावेसे वाटतात. वाट दाखवली ती स्वीडनच्या खाणीतल्या लोहखनिजाने. लोखंडात चिमूटभर ॲल्युमिना आणि पोटॅश मिसळलं की काम होत होतं. 1913 मध्ये ओपाऊचा कारखाना सुरू झाला. त्याच घराण्यातलं लोखंड आजही बहुतेक कारखान्यांत आहे. एकदा भरलं की दहा वर्षांहून जास्त टिकतं.

आज जगात वर्षाला सुमारे 18 कोटी टन अमोनिया बनतो. निम्मी माणसं त्यापासून बनणाऱ्या खताच्या जोरावर जेवतात. पण त्यासाठी 400 ते 500 अंश उष्णता लागते आणि समुद्राखाली दोन किलोमीटरवर असतो तसा दाब. वर सुमारे 45 कोटी टन कार्बन डायऑक्साइड! त्यातला मोठा वाटा नैसर्गिक वायू वा कोळशापासून हायड्रोजन काढताना सुटतो. हे टाळून पाण्यापासून हायड्रोजन मिळवायचा, तर सौम्य उष्णतेत आणि कमी दाबात चालणारा उत्प्रेरक फार मोलाचा ठरेल. संशोधक त्याच्याच मागे आहेत.

तुरीच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू नायट्रोजनच्या जोड्या फोडण्याचं हेच काम मातीच्या उबेत करतात. फुकट नाही: एका जोडीमागे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचे 16 रेणू खर्ची पडतात, आणि वेग सेकंदाला एखाद-दोन जोड्यांचा. त्यांच्या विकराच्या, म्हणजे उत्प्रेरक प्रथिनाच्या, गाभ्यात लोखंडाचे 7 अणू, गंधकाचे 9, मॉलिब्डेनमचा 1 आणि मधोमध आणखी एक. तो मधला अणू कार्बनचा आहे, हे कळायला 2011 साल उजाडलं.