बोंबील नकाशावर कुठं वाळतात?

"हे सगळं मोकळं दाखवलंय," असं म्हणत मावशी बाकावरून उठतात आणि थेट फळ्यापाशी जाऊन उभ्या राहतात. प्रोजेक्टरच्या झोतात आल्यामुळे अर्धं गाव त्यांच्या पाठीवर उमटतं. किनाऱ्याला लागून असलेल्या मळकट पांढऱ्या पट्टीवर त्या बोट ठेवतात. "इथनं इथपर्यंत आमच्या काठ्या. ही माझी, ही भावजयीची, पलीकडची सोसायटीची. यात एक तरी दिसते का बघा."

एकही दिसत नाही. उपग्रहाच्या चित्रात वाळू आहे, सुरूची काही झाडं आहेत आणि कडेला कौलांचे लाल ठिपके आहेत.

बोईसरला चित्रालयाच्या मागची ही पहिल्या मजल्यावरची क्लासची खोली. एरवी इथं दहावीचं बीजगणित चालतं. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यातलं वर्गसमीकरण पुसायचं राहिलंय, ते आता अरबी समुद्रात आलंय. रविवारी दुपारी क्लास बंद, म्हणून जागा फुकट. खाली रस्त्यावर टँकर आणि शेअर रिक्षांची हॉर्नबाजी चालू आहे. पंखा एक आणि माणसं आठ. त्यात किनाऱ्यावरच्या गावातल्या दोघी (मावशी आणि त्यांची भावजय), एक तांडेलकाका, तारापूरच्या औषधांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक केमिस्ट, झेरॉक्सच्या दुकानाचा मालक, नकाशाशास्त्रात एमएस्सी करणारी मुलगी आणि तिचा एक वर्गमित्र. आठवा मी, वही घेऊन कोपऱ्यात.

मुलगी लॅपटॉपवर चित्राची तारीख शोधते. जुलै. मावशी हसतात. "जुलैत फोटो काढल्यावर काय दिसणार? चैत्रात या म्हणावं." १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्रात यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत बोटी वर ओढलेल्या असतात, काठ्या आणि दोर सोडून घराच्या पडवीत टाकलेले असतात. हंगामात माणसाला वाकून जावं लागेल इतके दाट बोंबील जिथं टांगलेले असतात, ती जागा पावसाळ्यात नुसती वाळू असते. चित्र खोटं बोलत नाही, पण त्यावरून कुणी 'रिकामी जमीन' असं लिहिलं तर ते लिहिणं खोटं ठरतं. दूरच्या टेबलावर नकाशा करणाऱ्याला हे कळायचं कसं, हाच आजचा विषय आहे.

कायद्यात याची सोय नाही असंही नाही. झेरॉक्सवाले दादा २०११ ची सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, अधिसूचना घेऊन बसलेत, पिवळ्या पेनानं ओळी रंगवलेल्या. त्यात स्पष्ट म्हटलंय की मच्छीमारांची गावं, त्यांच्या सामाईक जागा, जेट्टी, बर्फाचे कारखाने आणि मासे वाळवायच्या जागा मोठ्या प्रमाणावरच्या, सर्व्हे नंबर दिसतील अशा नकाशांवर दाखवायच्या. मग २०१९ ची अधिसूचना आली. तिच्यात गावाकडच्या किनाऱ्याचे दोन भाग पडले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त वस्ती असेल, तर भरतीरेषेपासून पन्नास मीटर बांधकाम बंद. त्याहून विरळ वस्ती असेल तर दोनशे मीटर. दादा हा आकडा दोनदा वाचतात. २१६१ च का, दोन हजार का नाही, असं तांडेलकाका विचारतात. कुणाकडेच उत्तर नाही. मीही तो वहीत लिहून घेतो आणि पुढं प्रश्नचिन्ह काढतो.

मुलगी आता क्यूजीआयएस उघडते. हे नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतंच, शिवाय त्याचा सोर्स कोडही कुणालाही वाचता येतो, बदलता येतो. तळाला ओपनस्ट्रीटमॅप, जगभरच्या हौशी लोकांनी २००४ पासून रस्ता रस्ता करत भरलेला. आठवडाभर मुलगी आणि तिचा मित्र मोबाइलवर कोबो या सर्वेक्षणाच्या साधनाचा फॉर्म घेऊन किनारा फिरलेत. चार कोपऱ्यांवर उभं राहून चार बिंदू घ्यायचे, फोटो काढायचा, आणि रकाने भरायचे: काय आहे, कोण वापरतं, कुठल्या महिन्यांत, कुणी सांगितलं. ते बिंदू आता एकेक करून फळ्यावर येतात, त्यांचे चौकोन होतात, आणि मावशी प्रत्येक चौकोनाला हो किंवा नाही म्हणतात.

"हा पुढं सरकलाय. इथं भरतीचं पाणी येतं, इथं कोण वाळवील?"

मुलगी कोपरा धरून चौकोन मागं ओढते.

"आणि तो म्हातारीचा ओटा राहिला. जवळा तिथं टाकतात."

ओटा येतो. रकान्यात 'जवळा' येतो. भावजय आतापर्यंत गप्प आहेत. त्या हळूच म्हणतात की ओट्याच्या बाजूची विहीरपण घाला, मासे धुवायला तिचंच पाणी लागतं. विहीर येते. या अर्ध्या तासात फळ्यावरची मोकळी पट्टी जवळजवळ भरून जाते.

मित्र सांगतो की प्रत्येक बदल आपोआप नोंदला जातोय, कुणी कधी काय बदललं ते, आणि जुनी आवृत्तीही पुसली जात नाही. संगणकवाले यासाठी गिट वापरतात, लायनस टोरवाल्ड्सनं २००५ साली लिहिलेलं. बाकीच्यांच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही, केमिस्टकाका मात्र सरसावून बसतात.

"अरे, म्हणजे आमचं बॅच रेकॉर्ड!" ते सांगू लागतात. औषधाची एक बॅच निघते तेव्हा तिचा कागद असतो. तापमान, वेळ, वजन, सगळं पेननं. चुकलं तर खोडरबर नाही, व्हाइटनर तर नाहीच. आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. "तीस वर्षं हेच केलं. तपासणीला आलेला माणूस आधी खाडाखोड बघतो. खाडाखोडच नसली तर त्याला जास्त संशय येतो." मग ते फळ्याकडे हात करतात. "सरकारी नकाशाला अशी रेघ का नसते? पहिल्या मसुद्यात आमची जागा होती का, दुसऱ्यात कुणी काढली, का काढली, काहीच कळत नाही. थेट पुढचा कागद हातात."

मला वाटतं, खुल्या सॉफ्टवेअरची माणसं व्याख्यानांतून जे समजावत असतात ते तारापूरच्या या माणसानं दोन मिनिटांत सांगितलं. फुकट मिळणं हा त्यातला किरकोळ भाग. चूक दाखवायला सगळ्यांना वाव असणं आणि दाखवलेल्या चुकीचं पुढं काय झालं याची उघड नोंद राहणं, ही त्याची खरी मातबरी. भारत सरकारनं २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचं धोरण जाहीर केलं. त्याआधी, २०१२ च्या डेटा धोरणात, सरकारी माहिती यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात द्यावी असंही आलं. धोरणाला नावं ठेवायला जागा नाही. पण दादांच्या पेन ड्राइव्हमध्ये आज ज्या सरकारी पीडीएफ आहेत, त्यातल्या निम्म्या तिरक्या ठेवून स्कॅन केल्यात. टेसरॅक्ट नावाचं खुलं अक्षरवाचक त्यांना मराठीत वाचायचा प्रयत्न करतं आणि जोडाक्षर आलं की अडखळतं. कोष्टकातले आकडे तर एका रांगेतून दुसऱ्या रांगेत उड्या मारतात. मित्र ते हातानं परत टाइप करतोय.

त्यातलीच एक फाइल प्रदूषणाची निघते, आणि बैठक थोडा वेळ समुद्र सोडून एमआयडीसीत जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तारापूरला ९३.६९ गुण आहेत, शंभर औद्योगिक क्षेत्रांत सगळ्यांत वरचे. सत्तरच्या पुढं गेलं की अतिप्रदूषित. "बोर्डाला एवढे पडले असते तर पेढे वाटले असते," दादा म्हणतात. ते दहावीच्या बाकावर बसलेत म्हणून जरा जास्तच हशा होतो. केमिस्टकाका राज्याच्या मंडळाच्या तारांकनाबद्दल सांगतात. जून २०१७ मध्ये ते सुरू झालं. कारखान्याच्या धुराड्यातल्या धूलिकणांचे नमुने बघून एक ते पाच तारे द्यायचे आणि ते लोकांसाठी संकेतस्थळावर लावायचे. तांडेलकाका शांतपणे ऐकून घेतात.

"आणि पाण्याला किती तारे?"

ते तारे धुराचे होते, पाण्याचे नव्हते. काकांचा प्रश्न खोलीत तसाच राहतो. याच पाण्यासाठी २०१६ साली मच्छीमारांची अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. कोर्टकचेरीत मच्छीमाराकडे मागतात तो कागद, आणि त्याच्याकडे असतो तो अनुभव. काकांनी मागच्या काही वर्षांत कुठल्या तारखांना खाडीत मासे मेलेले पाहिले ते एका डायरीत लिहून ठेवलंय, तिथीसकट. मुलगी डायरीचे फोटो काढायला लागते. तिथीची तारीख करायचं काम भावजय अंगावर घेतात.

आणि मग भांडण होतं. मित्राचा उत्साह वाढलेला असतो. तो म्हणतो, समुद्रातल्या जागाही घालूया. जाळी कुठं लावतात, कुठल्या महिन्यात कुठं मासळी लागते, सगळं. खुला नकाशा म्हणजे पूर्ण खुला.

"नाही," काका म्हणतात.

"काका, नोंद नसेल तर उद्या तिथं दुसरं काही आलं की तुम्ही काय दाखवणार?"

"आणि नोंद केली तर परवा तिथं ट्रॉलर येईल. माझी जागा मी सख्ख्या भावाला सांगत नाही, तू इंटरनेटला सांगणार?"

मित्र तत्त्वाला धरून बसतो, काका पोटाला. माझं मत विचाराल तर मी काकांच्या बाजूला. ज्याला काही गमवायचं नाही त्याला मोकळेपणा फार स्वस्त पडतो. शेवटी मुलगी तोड काढते: दोन थर. वाळवणं, ओटे, विहिरी, जेट्टीची वाट हे खुल्या थरात. समुद्रातल्या जागा वेगळ्या फाइलमध्ये, ती फाइल मच्छीमार सोसायटीच्या कपाटात, आणि सुनावणीत लागली तर ठराव करून काढायची. काका लगेच हो म्हणत नाहीत. कपाटाची किल्ली कुणाकडे असते, यावर आणखी दहा मिनिटं जातात.

चहा येतो. मुलगी तैवानचं सांगते. तिथं २०१५ च्या सुमाराला उबर टॅक्सीच्या नियमांवर हजारो लोकांची मतं पोलिस नावाच्या खुल्या साधनातून गोळा केली गेली. या पोलिसचा खाकी वर्दीशी संबंध नाही, हे तिला दोनदा सांगावं लागतं. केरळात २०१८ च्या पुरात स्वयंसेवकांनी मदतीचं संकेतस्थळ उभं केलं, त्याचा कोड उघडा ठेवला आणि अनोळखी लोक रातोरात त्यात भर घालत राहिले. मावशींना केरळचं पटतं, कारण तिथले खलाशी त्यांनी पाहिलेत. तैवानबद्दल त्यांचा एकच प्रश्न आहे. "मतं घेतली, मग उत्तर दिलं का?"

इथं सगळं अडतं. २०२० मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या नव्या नियमांचा मसुदा आला, तेव्हा तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत उपलब्ध करा असं दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. त्यावर देशभरातून लाखांनी हरकती गेल्या, बहुतेक ईमेलनं. एका हरकतीचं पुढं काय झालं हे पाठवणाऱ्याला समजायची वाट नव्हती. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात साधी तक्रार केली तरी तिला क्रमांक पडतो आणि ती मान्य झाली की फेटाळली हे सगळ्यांना दिसतं. आपल्याकडे क्रमांक पडतो तो आवक रजिस्टरात, आणि त्याच्यापुढं पडदा.

म्हणून आजची फाइल आधी ग्रामसभेत न्यायची असं ठरतं. ग्रामसभेचा ठराव झाला की कागदाला वजन येतं, तो इतिवृत्तात बसतो. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, जे कमी असेल ते. तांडेलकाका हिशेब करतात, शंभर माणूस २६ जानेवारीला जमवायचं म्हणजे झेंडावंदन झाल्या झाल्या धरायला हवं, नाहीतर सगळे बोटीवर.

"आमची सभा आधी असते," मावशी मध्येच म्हणतात. खरं आहे, ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे, आणि ती पुष्कळदा कागदावरच उरकते. "वाळवणं बायकांची. नकाशा पहिला तिथं लावायचा. पुरुषांना दुसऱ्या दिवशी दाखवा."

कुणी विरोध करत नाही. केमिस्टकाका सुचवतात की 'कुणी सांगितलं' या रकान्यात नावाऐवजी नुसता क्रमांक घालावा, उद्या कुणी त्रास द्यायला नको. मावशी फळ्यावरचा तो रकाना बघतात. "माझं नाव घाला. हिला नको असेल तर हिचं नका घालू." भावजय थोडा विचार करतात आणि म्हणतात, घाला, पण सासरचं आडनाव नीट लिहा, रेशनकार्डावर चुकीचं आहे.

दादा तोवर मोबाइलवर फ्लेक्सवाल्याशी बोलतायत. सहा बाय चार, मॅट, उद्या संध्याकाळपर्यंत. फ्लेक्सवाला विचारतो, कुणाचा वाढदिवस आहे, फोटो पाठवा. दादा समजावतात की फोटो नाही, नकाशा आहे. पलीकडून पुन्हा काहीतरी विचारणा होते.

"नाही रे बाबा," दादा म्हणतात, "कुठल्याच पक्षाचा नाही. सर्व्हे नंबर तेवढे मोठे छाप, म्हाताऱ्यांना दिसले पाहिजेत."