धावत्या हाताची मुद्राक्षरे

हाताने लिहिताना एकच अक्षर आपण दोनदा तंतोतंत सारखे काढीत नाही. छापखान्यातील खिळा मात्र तोच आकार हजारदा उमटवितो. म्हणून हस्ताक्षराची ऐट खिळ्यांत आणणे हे मोठ्या कौशल्याचे काम होय. फ्रान्समधील ‘मिस्त्राल’ हा टाइप या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. रोजे एक्स्कोफों (१९१०–१९८३) यांनी तो आपल्याच हस्ताक्षरावरून रेखाटला आणि मार्सेय येथील ओलीव्ह टाइपफाउंड्रीने १९५३ साली प्रसिद्ध केला. दक्षिण फ्रान्समध्ये वाहणाऱ्या थंड, वेगवान वाऱ्याचे नाव त्यास दिले आहे.

रोमन लिपीतील धावती अक्षरे तळाकडे एकमेकांस जोडली जातात. प्रत्येक खिळा स्वतंत्र असल्याने एका अक्षराची शेवटची रेघ जेथे संपते, नेमक्या त्याच उंचीवर पुढील अक्षराची रेघ सुरू व्हावी लागते. मिस्त्रालची लहान अक्षरे अशी जुळतात. उंची, कल आणि खडबडीत कडा यांत मात्र हाताचा मोकळेपणा राखला आहे. बंधन सांध्यापुरते, स्वैरता इतरत्र, हेच त्याचे मर्म. तथापि असा टाइप दुकानाची पाटी, जाहिरात वा मुखपृष्ठ यांवरील चार शब्दांतच शोभतो. सलग मजकुरात तीच ती अक्षरे वारंवार भेटून हस्ताक्षराचा भास विरतो आणि बारीक आकारात वाचनही कष्टाचे होते.

देवनागरीत सांधण्याचे काम शिरोरेखा करते. त्यामुळे तिच्याखाली कुंचल्यास अधिक मोकळीक मिळते, हे खरे. परंतु धोकाही तेथेच आहे. ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या डाव्या बाजूस शिरोरेखा तुटते, आणि त्या तुटीवरच ‘घ’ व ‘म’ यांपासून त्यांचे वेगळेपण पुष्कळसे अवलंबून असते. कुंचला वेगाने सलग ओढला, तर ‘धन’ पाहता पाहता ‘घन’ होते आणि ‘भात’ ‘मात’ होतो. ‘ख’चे दोन अवयव दूर सरले, तर ‘खा’ हा ‘रवा’ वाचला जातो.

शाळेच्या वार्षिकांकासाठी वा समारंभाच्या फलकासाठी असा टाइप निवडताना शिक्षकांनी प्रथम हेच शब्द छापून पाहावेत, आणि ते लहान मुलाकडून वाचवून घ्यावेत. मूल अडखळले नाही, तर तो टाइप खुशाल वापरावा. पाटीवरूनही मुले अक्षरे शिकतात. तेव्हा ऐटीपायी अक्षराची ओळख हरवू देणे आपणांस परवडणारे नाही.