जुन्या फायलींची मयत-यादी

लेखमाला : सिस्टीमचं घरकाम, भाग ७

मागच्या भागात आपण फ्रीबीएसडीचा सोर्स घेऊन अख्खी सिस्टीम नव्याने बिल्ड केली आणि ‘मेक इन्स्टॉलवर्ल्ड’पर्यंत आलो. मशीन रीस्टार्ट झालं, आवृत्ती नवी दिसायला लागली. बरेच जण इथेच हात झटकून उठतात. पण इन्स्टॉलवर्ल्डला फक्त ठेवणं माहीत आहे. नव्या आवृत्तीत जे आहे ते ती जुन्यावर आणून ठेवते. जे नव्या आवृत्तीत उरलेलंच नाही, त्याच्याकडे ती ढुंकूनही बघत नाही. ते होतं तिथेच पडून राहतं.

मतदार यादीचं असंच असतं. नाव घालायला माणूस स्वतः खेटे घालतो; गेलेल्याचं नाव मात्र कुणीतरी अर्ज भरून, दाखला जोडून काढल्याशिवाय निघत नाही. फ्रीबीएसडीत हा अर्ज भरायची जागा ठरलेली आहे. ‘/यूएसआर/एसआरसी’च्या अगदी वरच्या पातळीवर ‘ऑब्सोलीटफाइल्स.इंक’ नावाची फाइल असते. एखादं साधन किंवा हेडर सोर्समधून काढून टाकणाऱ्या डेव्हलपरने त्याच वेळी त्याचा पत्ता या फाइलीत लिहायचा, वर तारीख आणि कारणाची एक ओळ टाकायची, असा शिरस्ता आहे. नवी नोंद सगळ्यात वर. म्हणून ही फाइल वरून खाली वाचत गेलं की सिस्टीमचा इतिहास उलटा उलगडत जातो. मला ती रिलीज नोट्सपेक्षा जास्त वाचनीय वाटते, पण ही आवड जरा विचित्र आहे हे मान्य.

पडून राहिलेली फाइल नुसती जागा अडवत असती तर कुणी एवढा खटाटोप केला नसता. आजच्या डिस्कला चार-दोन एमबीचं काय? खरा धोका वेगळा आहे. टेलनेटची सेवा पुरवणारा ‘टेलनेटडी’ १४.० या आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये, मूळ सिस्टीममधून काढला गेला. सोर्समधून गेला म्हणजे त्यातल्या सुरक्षेच्या भोकांना ठिगळं लावणंही थांबलं. पण सोर्समधून १३ ची १४ केली आणि सफाई केलीच नाही, तर जुना टेलनेटडी ‘/यूएसआर/लिबएक्झेक’मध्ये तसाच राहतो, आणि ‘आयनेटडी’च्या जुन्या कॉन्फिगरेशनमध्ये त्याची ओळ चालू असेल तर तो हाकेला ओ सुद्धा देतो. जुन्या हेडरचा त्रास आणखी छुपा. बाहेरचं एखादं सॉफ्टवेअर कंपाइल करताना कॉन्फिगर स्क्रिप्टला ते हेडर सापडतं, ती सोय सिस्टीममध्ये आहे असं ती धरून चालते, आणि लिंक करताना सगळं कोसळतं. एरर भलतीकडेच बोट दाखवत असते.

तर आधी ‘मेक चेक-ओल्ड’ द्यायचं. काहीही न पुसता ते नुसती यादी दाखवतं. मग ‘मेक डिलीट-ओल्ड’. हे प्रत्येक फाइलीपाशी थांबून विचारतं, पुसू का? पन्नास-साठ वेळा ‘वाय’ दाबून बोट दुखलं की माणूस ‘बॅच_डिलीट_ओल्ड_फाइल्स’चा पर्याय शोधतो आणि प्रश्नच बंद करून टाकतो. पहिल्यांदा तरी तसं करू नये, कारण इथून पुढे प्रोसेसरचा मामला सुरू होतो.

‘/यूएसआर/इन्क्लूड/मशीन’ ही डिरेक्टरी प्रत्येक मशीनवर असते, पण आत काय असेल ते प्रोसेसरवर ठरतं. एएमडी६४ वर तिच्यात एक संच, एआरएम६४ वर दुसरा. म्हणजे एकाच पत्त्यावरची फाइल एका आर्किटेक्चरवर मेलेली आणि दुसऱ्यावर रोजच्या वापरातली असू शकते. म्हणून यादीतल्या काही नोंदींना अट घातलेली असते : ‘टार्गेट_आर्च’ अमुक असेल तरच पुसा. आता समजा तुम्ही तुमच्या एएमडी६४ मशीनवर बसून रास्पबेरी पायचं कार्ड तयार करताय. कार्ड माउंट केलंय, ‘डेस्टडिर’मध्ये त्याचा पत्ता दिलाय, बिल्डच्या वेळी टार्गेटही बरोबर दिलं होतं. फक्त सफाईच्या आज्ञेत टार्गेट लिहायचं राहून गेलं. मग यादी कार्डाच्या प्रोसेसरची नाही, तुमच्या मशीनच्या प्रोसेसरची धरली जाते. डेस्टडिर फक्त कुठे पुसायचं ते सांगतं. काय पुसायचं ते ठरवतं टार्गेट.

शेअर्ड लायब्ररींची यादी वेगळी आहे आणि तिची आज्ञाही वेगळी : ‘मेक डिलीट-ओल्ड-लिब्ज’. ती सगळ्यात शेवटी द्यायची, आणि घाई केलेली इथे सर्वात महागात पडते. १३ मध्ये ओपनएसएसएलची लायब्ररी ‘लिबक्रिप्टो.एसओ.१११’ होती. १४ मध्ये ओपनएसएसएल ३.० आलं आणि ती ‘लिबक्रिप्टो.एसओ.३०’ झाली. पॅकेज म्हणून बसवलेले जुने प्रोग्रॅम मात्र अजून १११ च मागत असतात. ते नव्याने बसवण्याआधी १११ पुसली, तर खुद्द पॅकेज बसवणारा ‘पीकेजी’सुद्धा चालू व्हायला नकार देतो. ज्याने सगळ्यांना सावरायचं तोच आडवा. अशा प्रसंगासाठी ‘पीकेजी-स्टॅटिक’ हा कुठल्याच शेअर्ड लायब्ररीवर न विसंबणारा भाऊबंद सोबत दिलेला असतो. त्याच्याकडून पीकेजी पुन्हा बसवून घेता येतो. म्हणून क्रम लक्षात ठेवा : आधी डिलीट-ओल्ड, मग सगळी पॅकेजेस नव्याने, आणि त्यानंतरच डिलीट-ओल्ड-लिब्ज.

एएमडी६४ वर याच लायब्ररीची आणखी एक प्रत असते. ३२-बिट प्रोग्रॅम चालावेत म्हणून त्यांच्या लायब्ररी ‘/यूएसआर/लिब३२’मध्ये ठेवलेल्या असतात. यादी लिहिणाऱ्याने फक्त ‘लिब/लिबक्रिप्टो.एसओ.१११’ लिहिलेलं असतं. लिब३२ मधलं जुळं भावंड आज्ञा स्वतः हुडकून काढते. इतका विचार करणारी माणसं ही यादी सांभाळतात, तरी शेवटी ती हातानेच लिहायची आहे. फाइल काढली आणि नोंद करायची राहिली, असं होतंच. मग महिन्या-दोन महिन्यांनी कुणाचा तरी बिल्ड मोडतो तेव्हा ती नोंद होते.

नेटबीएसडीवाल्यांनी दुसरी वाट धरली. त्यांच्याकडे सिस्टीममध्ये येणाऱ्या प्रत्येक फाइलीची यादी मुळातच असते. सगळ्या मशीनना सामायिक फाइली ‘एमआय’ यादीत, एकेका मशीनपुरत्या ‘एमडी’ यादीत. फाइल रद्द झाली की ओळ खोडायची नाही, तिच्यापुढे ‘ऑब्सोलीट’ असा शेरा मारायचा. सिस्टीम अपग्रेड केल्यावर ‘पोस्टइन्स्टॉल’ ते शेरे बघून सफाई करतं. पन्नासांहून जास्त प्लॅटफॉर्म सांभाळणाऱ्यांना ही शिस्त ठेवावीच लागली असणार. मला विचाराल तर रचना म्हणून हीच जास्त निर्मळ आहे.

फ्रीबीएसडीने आर्किटेक्चरंच्या आर्किटेक्चरंही निकालात काढली आहेत. ७.० मध्ये अल्फा गेलं, ११ मध्ये आयए६४, १२ मध्ये जपानी एनईसी मशीनसाठीचं पीसी-९८, १३ मध्ये स्पार्क६४, १४ मध्ये मिप्स. ही निघाली तेव्हा तुमच्या-आमच्या डिस्कवर पुसण्यासारखं फारसं काही नव्हतं, कारण ती मशीनंच वेगळी होती. डिसेंबर २०२५ मध्ये आलेल्या १५.० चं मात्र तसं नाही. तिच्यात आय३८६ ची स्वतंत्र आवृत्ती बंद झाली. हे वाचून एएमडी६४ वरचं लिब३२ हाताने पुसायला कुणी निघालं असेल तर थांबा. ३२-बिट मशीनवर चढवायची सिस्टीम बंद झाली आहे. ६४-बिट मशीनवर ३२-बिट प्रोग्रॅम चालवण्याची सोय चालू आहे आणि लिब३२ तिच्यासाठीच लागतं.

याच १५.० मध्ये मूळ सिस्टीमसुद्धा पॅकेजच्या रूपात बसवण्याचा पर्याय आला आहे. तसं बसवलं तर कुठली फाइल कुठल्या पॅकेजची याची नोंद पीकेजीकडे राहते, आणि नव्या पॅकेजात जी नाही ती तो आपणहून काढतो. सोर्समधून बिल्ड करून इन्स्टॉलवर्ल्ड देणाऱ्यांना मात्र अजून तीच यादी आणि तेच ‘वाय’. पुढच्या भागात ‘/ईटीसी’मधल्या कॉन्फिगरेशन फाइली आणि ‘ईटीसीअपडेट’.