अमेरिकेत अ‍ॅथलेटिक ट्रेनिंग शिकताना मध्येच विद्यापीठ बदललं तर काय होतं?

मैदानावर खेळाडू कोसळला की आधी धावतो तो अ‍ॅथलेटिक ट्रेनर. अमेरिकेत तो जिमचा ट्रेनर नव्हे, तर आरोग्यसेवक मानला जातो. तिथे शिकणाऱ्यांना प्रमाणपत्र परीक्षा देण्यासाठी सीएएटीई या संस्थेची मान्यता असलेला अभ्यासक्रमच करावा लागतो.

मग मान्यताप्राप्त विद्यापीठातून दुसऱ्या मान्यताप्राप्त विद्यापीठात गेलं, तर क्रेडिट्स आपोआप मिळतात का? नाही. निकष समान असले, तरी कोणता भाग कोणत्या सत्रात शिकवायचा हे प्रत्येक विद्यापीठ ठरवतं. एकीकडे गुडघ्याच्या दुखापती आधी, तर दुसरीकडे शेवटी. म्हणून विषयाचं नाव न पाहता सिलॅबस, प्रात्यक्षिकं आणि क्लिनिकल अनुभव तपासला जातो. एखादं कौशल्य शिकायचं राहिलं, तर उत्तर पदवी देणाऱ्या विद्यापीठाला द्यावं लागतं.

त्यात २०२२ चं फॉल सत्र सुरू झाल्यानंतर पदवी पातळीवरचे नवे प्रवेश बंद झाले. आता हा अभ्यासक्रम मास्टर्स पातळीवर आहे. तो साधारण दोन वर्षांचा असतो आणि अनेक विषय वर्षातून एकदाच शिकवले जातात. एक विषय हुकला, तरी वर्ष वाया जाऊ शकतं.

त्यामुळे जुने सिलॅबस जपून ठेवावेत आणि कोणती क्रेडिट्स धरली जाणार, हे प्रवेशाआधीच लेखी घ्यावं.