चांदणी चौकाचा चढ किती पोळ्यांचा?

पुण्यातला कोथरूड डेपो मागे पडला की चढ लागतो. चेन पुढच्या लहान चकतीवर घ्यायची, बाजूने धडधडत जाणाऱ्या बसकडे लक्ष ठेवायचं आणि चांदणी चौक येईपर्यंत पाय थांबू द्यायचे नाहीत. पुढे बावधन, पाषाण आणि मग बाणेरचं ऑफिस. एका बाजूने १२ किलोमीटर, साधारण ४० मिनिटं. तीन वर्षं मी ही वाट माउंटन बाइकवरून करतो आहे. सुरुवात केली ती वजन उतरवायला, आणि पहिल्या तीन महिन्यांत माझं वजन दीड किलोने वाढलं.

कारण सापडायला वेळ लागला. मनगटावरचं घड्याळ एका फेरीला ५२० कॅलरी दाखवत होतं, म्हणजे जाऊन-येऊन हजारावर. घरी आई म्हणायची, "एवढी सायकल मारतोस, अजून एक पोळी घे की." मोबाइलमधलं अ‍ॅपही तेच सांगत होतं, की आज तुमच्याकडे हजार कॅलरी शिल्लक आहेत. मी दोघांचंही ऐकलं. सायकलने ऑफिसला जाणाऱ्या आणि खाण्याची नोंद ठेवणाऱ्या कितीतरी जणांचं नेमकं इथेच बिनसतं. मग ते वैतागून सायकल सोडतात. त्याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून हे लिहितो आहे.

"घड्याळ दाखवतं तेवढ्या कॅलरी जळतात"

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ६० जणांच्या मनगटावर सात प्रकारची उपकरणं बांधून ती तपासली. हृदयाचे ठोके सातपैकी सहा उपकरणांनी पाच टक्क्यांच्या आत बरोबर मोजले. कॅलरींच्या बाबतीत मात्र त्यातल्या त्यात चांगलं उपकरणही सरासरी २७ टक्के चुकत होतं, आणि सर्वांत वाईट ९३ टक्के.

हे का होतं ते कळलं की घड्याळावर राग येत नाही. घड्याळ कॅलरी मोजतच नाही. ठोके, वय, वजन यांवरून ते अंदाज बांधतं. आता एप्रिलचं ऊन, कमी प्यायलेलं पाणी, अंगावर आलेला टँकर, रात्रीची अपुरी झोप, या सगळ्यांनी ठोके वाढतात. पायांनी मात्र तेवढंच काम केलेलं असतं.

मग खरा आकडा काढायचा कसा? आरामात बसलेलं शरीर वजनाच्या दर किलोमागे तासाला सुमारे एक कॅलरी वापरतं. (आपण बोलताना जिला कॅलरी म्हणतो ती शास्त्रातली किलोकॅलरी.) कामाला जाताना आपल्या सवयीच्या वेगाने सायकल चालवली तर हा खर्च सुमारे ६.८ पट होतो. माझं वजन ७२ किलो. ४० मिनिटांचे झाले ३२६. पण त्या ४० मिनिटांत मी खुर्चीत बसून राहिलो असतो तरी ४८ खर्च झालेच असते. ते वजा केले की सायकलच्या नावावर राहतात पावणेतीनशे. घड्याळाच्या जवळपास निम्मे.

चढाचा हिशेब तर याहून सोपा आहे. मी, सायकल आणि डबा-लॅपटॉपची बॅग मिळून ९२ किलो. चढ १०० मीटर उंचीचा धरला, तर एवढं वजन वर न्यायला ९० किलोज्यूल काम पडतं. म्हणजे साधारण २२ कॅलरी. स्नायू खाल्लेल्या ऊर्जेच्या जेमतेम चौथ्या हिश्शाचंच काम करून देतात, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणून शरीराला त्यासाठी ९० कॅलरींच्या आसपास लागतात. तीस ग्रॅम कणकेच्या, तूप न लावलेल्या एका पोळीत साधारण १०० असतात. ज्या चढावर छाती भरून येते, त्याची किंमत एक पोळीसुद्धा नाही. हा आकडा पहिल्यांदा कागदावर उतरला तेव्हा मी तो तीनदा तपासला होता.

अजून एक चूक अ‍ॅप भरताना होते. "तुम्ही किती हालचाल करता?" या प्रश्नाला आपण "भरपूर" म्हणतो. मग अ‍ॅप रोजचा कोटा वाढवून देतं, आणि सायकलच्या कॅलरी पुन्हा त्यात वरून मिळवल्या जातात. एकच श्रम दोनदा जमेला धरले जातात. सायकल वेगळी नोंदवणार असाल तर तिथे "बैठं काम" हेच निवडा.

"माउंटन बाइक जड, म्हणून व्यायाम जास्त"

सायकल पाच किलोने जड असली तर १०० मीटरच्या चढाला खर्च वाढतो फक्त पाचेक कॅलरींनी. डांबरी रस्त्यावर ताकद खातात ते खोल खाचांचे रुंद टायर, त्यांतली कमी हवा आणि पायडल मारताना वरखाली होणारा पुढचा शॉकर. तरीही त्यातून कॅलरी वाढतीलच असं नाही. आपण मिनिटाला किती जोर लावायचा हे पाय आणि श्वास ठरवतात. सायकल जड चालली की आपण तेवढ्याच जोरात हळू जातो. वाढतात ती मिनिटं. आणि रोज दहा मिनिटं उशीर व्हायला लागला की माणूस पुन्हा स्कूटरची चावी उचलतो.

माउंटन बाइकचा जन्म १९७०च्या दशकातला, कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, डोंगरातून मातीच्या वाटेने सुसाट उतरण्यासाठी. आपल्याकडे ती खड्ड्यांना, गतिरोधकांना आणि पावसाळ्यात उखडलेल्या कडांना उत्तम टिकते, म्हणून मी ती सोडलेली नाही. फक्त टायर गुळगुळीत नक्षीचे घातले, हवा टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत जरा वरच्या बाजूला ठेवली आणि डांबरावर शॉकर लॉक करायला लागलो. मागे मडगार्ड आणि कॅरिअर लावून घेतलं. पाठीवरची बॅग कॅरिअरवर गेल्याचा फरक पहिल्याच दिवशी कळला.

"घरचं खातो, त्यात काय मोजायचं?"

खरा हिशेब इथे आहे. १९९२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास आला होता. "आम्ही अगदी कमी खातो, तरी वजन उतरत नाही," असं सांगणाऱ्या माणसांचा तो अभ्यास. प्रत्यक्ष तपासल्यावर दिसलं, की ते आपलं खाणं ४७ टक्क्यांनी कमी आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त सांगत होते. ती माणसं खोटारडी नव्हती. आपल्या सगळ्यांचं असंच होतं.

मी एका रविवारी ओट्यावर वजनकाटा ठेवला आणि आईला म्हटलं, "तू नेहमीसारखे पोहे कर, मी फक्त मोजतो." माझ्या वाटणीचे कोरडे पोहे भरले ६० ग्रॅम, म्हणजे सुमारे २१० कॅलरी. फोडणीचं तेल ती बुधलीतून हाताच्या अंदाजाने ओतते. माझ्या वाट्याला आलं १५ ग्रॅम. तेलाच्या प्रत्येक ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे १३५. शेंगदाणे मूठभर, १५ ग्रॅम, त्यांच्या ८५. कांदा, चिमूटभर साखर, वरून खोबरं मिळून आणखी चाळीसेक. एकूण ४७०. अ‍ॅपमध्ये मी रोज "पोहे, १ प्लेट, १८०" असं नोंदवत होतो. फरक २९०, म्हणजे माझी सायकलची एक अख्खी फेरी.

पोह्यांत वाईट काहीच नाही. मी आजही तेच खातो. पण मोजायचंच असेल तर आधी तेल, शेंगदाणे, खोबरं आणि साखर मोजा. काकडी आणि पालेभाजीचे ग्रॅम लिहीत बसण्यात अर्थ नाही. धान्य कच्चं मोजा. १०० ग्रॅम तांदळात ३५० च्या आसपास कॅलरी असतात, पण शिजून पाणी प्यायलेल्या १०० ग्रॅम भातात १३० च. अ‍ॅपमध्ये या दोन नोंदी शेजारी-शेजारी असतात आणि चुकीची निवडली की दिवसाचा ताळमेळ गेला. "वाटी" हे माप तर घरागणिक वेगळं. भारतीय धान्यं, डाळी, भाज्यांचे भरवशाचे आकडे हवे असतील तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये ५२८ खाद्यपदार्थांची कोष्टकं प्रसिद्ध केली आहेत, ती पाहावीत.

आणि गूळ. गूळ साखरेपेक्षा हलका, ही समजूत घरोघरी आहे. ग्रॅमला ग्रॅम दोघांच्या कॅलरींत फारसा फरक नाही.

"रिकाम्या पोटी चालवली की चरबी वितळते"

उपाशीपोटी सायकल चालवताना शरीर चरबीचा वाटा थोडा जास्त वापरतं, हे खरं. पण दिवसभराचं खाणं तेवढंच असेल तर काही आठवड्यांनी वजनात फरक दिसत नाही. उलट बाजूचा गैरसमजही आहे, की निघण्याआधी एनर्जी ड्रिंक हवंच. यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास साठवलेली साखर असते. १२ किलोमीटरला ती पुरून उरते. तहान भागवायला साधं पाणी बास. ऑफिसला पोचल्यावर वजन अर्धा किलो कमी दिसलं तर तो घाम आहे, दोन-तीन ग्लास पाण्यात भरून निघणारा.

एक इशारा मात्र मनापासून. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर एकदम खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रिकाम्या पोटी निघू नका. आधी डॉक्टरांशी बोला आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा. चढाच्या मध्यावर हातपाय थरथरायला लागले आणि जवळ काहीच नाही, ही वेळ कुणावर येऊ नये.

"वजन उतरत नाही, म्हणजे सायकल वाया"

हा गैरसमज मला सर्वांत जास्त सलतो. टांझानियातल्या हाडझा या शिकारी-संकलक जमातीचा रोजचा ऊर्जाखर्च मानववंशशास्त्रज्ञ हर्मन पाँत्झर यांनी मोजला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं, की रोज मैलोगणती चालणाऱ्या या माणसांचा एकूण खर्च, शरीराचा आकार जमेस धरला तर, पाश्चात्त्य शहरी माणसाएवढाच होता. श्रम वाढले की शरीर इतर ठिकाणी काटकसर करतं, असा पाँत्झर यांचा निष्कर्ष आहे. ही काटकसर किती, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. पण केवळ सायकलने भराभर वजन उतरेल, ही अपेक्षा मुळातच जास्तीची आहे.

सायकल जे देते ते वेगळं आहे. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासली आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. सायकलने कामावर जाणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका ४६ टक्क्यांनी आणि अकाली मृत्यूचा ४१ टक्क्यांनी कमी आढळला. हा निरीक्षणांचा अभ्यास आहे. सायकल चालवणारी माणसं मुळातच थोडी निरोगी असू शकतात, हे लक्षात ठेवूनही आकडा मोठा आहे. "पण तो धूर?" असं लोक विचारतात. केंब्रिजच्या २०१६ मधल्या अभ्यासानुसार दिल्लीइतक्या वाईट हवेतही प्रदूषणाचं नुकसान फायद्यापेक्षा वरचढ व्हायला आठवड्याला पाच तासांहून जास्त सायकल चालवावी लागेल. तरी मी मोठ्या रस्त्यापेक्षा आतल्या गल्ल्या निवडतो, आणि सिग्नलला बसच्या मागे थांबत नाही.

आता मी हिशेब असा ठेवतो. रोज सकाळी उठल्यावर वजन, आणि आठवड्याची सरासरी. खाण्याची नोंद वर्षातून दोनदा, फक्त दोन आठवडे, तेलासकट. त्या दोन आठवड्यांत सरासरी जागची हलली नाही, तर जेवढं खाल्लं तोच माझा खरा खर्च; तो सांगायला घड्याळ लागत नाही. माझा निघाला दिवसाला २,३५०, सायकल धरून. घड्याळ सांगत होतं २,९००. वाढलेला दीड किलो उतरायला पाच महिने लागले. चढ तोच आहे, आणि आईच्या तेलाच्या बुधलीशेजारी आता एक पाच मिलीचा चमचा असतो.