दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या पालकांनी पुस्तक कसे निवडावे

एक ते तीन या वयात मूल चालायला, बोलायला आणि ठासून 'नाही' म्हणायला शिकते. त्याआधी दूध, झोप आणि लस सांभाळली की बरेचसे भागते. त्यानंतर बालवाडीतल्या ताई मदतीला येतात. मधली दोन वर्षे मात्र सगळी घराच्या अंगावर पडतात आणि नेमके हेच वय पालकत्वावरच्या बहुतेक मराठी पुस्तकांत थोडक्यात उरकलेले असते. त्यांचा भर अभ्यास, एकाग्रता, संस्कार आणि वयात येणारी मुले यांवर असतो. म्हणून मुखपृष्ठावर न जाता आधी अनुक्रमणिका पाहावी. हट्ट, आदळआपट, चावणे-मारणे, शी-शूची सवय, अंगावरचे दूध सोडवणे, जेवण, झोप, पहिले शब्द यांपैकी चार-पाच विषय तरी तिथे हवेत. ते नसतील तर पुस्तक कितीही नावाजलेले असो, या घडीला त्याचा उपयोग नाही.

गिजुभाई बधेका यांचे 'दिवास्वप्न' आणि तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' ही पुस्तके नव्या आईबाबांना हमखास सुचवली जातात. दोन्ही सुंदर आहेत. पण पहिले चौथीच्या वर्गाविषयी आहे आणि दुसऱ्याची नायिका शाळकरी मुलगी आहे. मुलाकडे पाहण्याची दृष्टी त्यांतून मिळते, पण रात्री अकराला न झोपणाऱ्या दीड वर्षाच्या मुलाचे काय करायचे, हे मिळत नाही. शोभा भागवत यांची 'आपली मुलं' आणि 'मूल नावाचं सुंदर कोडं' ही पुस्तके या दृष्टीने आधी चाळावीत. पुण्याच्या गरवारे बालभवनात वर्षानुवर्षे मुलांसोबत आणि पालकांसोबत केलेल्या कामातून हे लेखन आले आहे. 1987 पासून पुण्याहून निघणाऱ्या 'पालकनीती' मासिकाचे जुने अंकही शोधण्याजोगे आहेत.

ही पुस्तके मिळवायची कुठून, हा प्रश्न वाशिमसारख्या जिल्ह्यात आधी येतो. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे 12 लाख, आणि दर पाच माणसांमागे चार खेड्यांत राहणारी. मानोरा किंवा मालेगाव तालुक्यातल्या गावातून पुस्तकांचे मोठे दुकान लांब पडते, म्हणून सार्वजनिक ग्रंथालयाचा आधार मोठा. महाराष्ट्रात 1967 च्या कायद्यानुसार अशी ग्रंथालये अ, ब, क, ड या वर्गांत मान्यता घेऊन चालतात. जिथे पुस्तके दशांश वर्गीकरणाने लावलेली असतात, तिथे बालसंगोपन 649 या क्रमांकाखाली आणि बालमानसशास्त्र 155.4 खाली मिळते. ही दोन कपाटे एकमेकांपासून दूर असतात, त्यामुळे दोन्हीकडे पाहावे. हवे ते पुस्तक नसेल तर नव्या खरेदीची यादी होण्याआधी ग्रंथपालांकडे नाव लिहून द्यावे.

दुसरी गोष्ट पाहायची ती पुस्तकाचे वय. शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला पहिल्या आवृत्तीचे वर्ष असते. त्याखाली 'पुनर्मुद्रण' असेल तर मजकूर जुनाच असतो, 'सुधारित आवृत्ती' असेल तर त्यात दुरुस्ती झालेली असण्याची शक्यता असते. हा फरक क्षुल्लक नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी 1928 मध्ये आईबापांना मुलांचे मुके घेऊ नका, त्यांना कुरवाळू नका असे बजावले होते. डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे 1946 चे पुस्तक त्याच्या उलट माया शिकवणारे आणि जगभर खपलेले. पण त्याच्याही नंतरच्या आवृत्त्यांत तान्ह्या बाळाला पालथे झोपवण्याचा सल्ला होता. पालथे झोपवल्याने झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका वाढतो हे पुढे सिद्ध झाले आणि 1992 मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तसे झोपवू नका असे जाहीर केले. स्वभाव आणि माया यांविषयीचे जुने लेखन आजही ताजे वाटू शकते, मात्र आहार, झोप, औषध आणि मोबाइल यांविषयी नवेच पुस्तक पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांत तो दिवसाला एका तासाच्या आत ठेवावा असे सुचवले आहे. त्याआधीच्या पुस्तकात हे सापडणार नाही.

चांगले पुस्तक वाढीचे टप्पे एका तारखेला बांधत नाही. भारतासह पाच देशांतल्या मुलांवर जागतिक आरोग्य संघटनेने केलेल्या पाहणीत आधाराशिवाय चालण्याचे वय साधारण आठ ते साडेसतरा महिने इतके पसरलेले आढळले. 'वर्षाचे झाले की चालायलाच हवे' असे लिहिणारे पुस्तक आईला नाहक धास्ती लावते.

खरी परीक्षा एका पानावर होते. घरात सध्या जे चालले आहे तेच प्रकरण उघडावे. समजा, हातातला मोबाइल काढून घेतला की दोन वर्षांचे मूल जमिनीवर लोळण घेते. पुस्तकाने आधी कारण सांगायला हवे: इच्छा मोठी, शब्द थोडे आणि स्वतःला आवरणारी मेंदूची यंत्रणा अजून कच्ची. मग उपाय हवा: मोबाइल नजरेआड ठेवणे, जवळ बसून राहणे, रडे ओसरल्यावर दोन शब्दांत बोलणे, आणि रडले म्हणून मोबाइल परत न देणे. 'शिस्त लावा', 'प्रेम द्या' एवढ्यावर प्रकरण संपत असेल तर पुस्तक परत ठेवावे. 'एक चापट द्यावीच लागते' असे म्हणणारे तर घरात आणूच नये. मारामुळे मूल गप्प बसते ते भीतीने, आणि मोठ्याने लहानाला मारायचे असते एवढेच त्यातून शिकते.

पुस्तक घराला लागूही पडले पाहिजे. बाळाची वेगळी खोली आणि दिवसभर मोकळी आई गृहीत धरणारे भाषांतर खरिपात निंदणाला जाणाऱ्या बाईच्या काय कामाचे? तिचे मूल आजीजवळ असते, म्हणून आजीला वाचून दाखवता येईल अशी भाषा हवी. भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून भरवणाऱ्या घराला विकतच्या डब्यांची यादी नको. वाशिममध्ये घराघरांत वऱ्हाडी बोलतात, तांड्यांवर गोरमाटी, अनेक कुटुंबांत उर्दू. दोन वर्षांच्या मुलाशी घरची बोली सोडून इंग्रजी बोला असे सांगणारे पुस्तक त्याच्या गप्पांचा आधारच काढून घेते.

विकत घेण्याआधी फुकट मिळणारे वाचावे. माता बाल संरक्षण कार्ड हे लसीच्या तारखांपुरतेच उघडले जाते, पण त्यात वयानुसार काय खाऊ घालावे, कसे खेळावे आणि कोणती लक्षणे धोक्याची, हे चित्रांसह दिलेले असते. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2024 मध्ये जन्म ते तीन वर्षांसाठी 'नवचेतना' हा आराखडा काढला. त्यात महिन्यांनुसार घरी करायच्या 140 कृती आहेत. अंगणवाडी सेविकेकडे त्याची विचारणा करावी.

काही प्रश्न मात्र पुस्तकाच्या हातात नाहीत. दीड वर्ष झाले तरी मूल चालत नाही, दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडत नाही, हाक मारल्यावर वळत नाही किंवा येत असलेले शब्द बोलायचे थांबते, तेव्हा आणखी वाचत बसू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुले तपासते. त्याचीही वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा जिल्हा रुग्णालयात मुलाला दाखवावे.